लाल कानाचा मासा आणि तळाचे पाणी

२०१७ च्या जुलै महिन्यात मी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात माझ्या धाकट्या भावाकडे गेलो होतो. त्याच्या घराजवळ बांध घालून अडविलेल्या पाण्याचा एक तलाव आहे. रीतसर परवाना काढला, गळ घेतला आणि सलग तीन दिवस मी त्या तलावावर होडीत बसलो. तीनही दिवस हात हलवीत परत आलो. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला मासा फसवितो म्हणजे काय! पण माझी फसगत माझ्याच अर्धवट तर्कामुळे झाली होती. ती कशी, ते पाहू या.

मला हवा होता ‘रेडइअर सनफिश’. नराच्या कल्ल्याच्या झाकणामागे एक लहानशी पाळी असते आणि तिची कडा लालभडक असते, म्हणून हे नाव. तो कान मात्र नव्हे! अमेरिकेच्या आग्नेय भागातील तळी आणि संथ नद्या हे याचे मूळ घर. साधारण वीतभर लांबीचा, चपटा, ताटलीसारखा मासा. तिकडचे लोक त्याला ‘शेलक्रॅकर’ म्हणजे ‘शंखफोड्या’ असेही म्हणतात, कारण याच्या घशात दाढांसारखे बोथट दात असतात. पाण्यातील गोगलगाय तो शंखासकट तोंडात घेतो, घशात कडकन फोडतो, कवचाचे तुकडे थुंकतो आणि आतला मऊ जीव गिळतो. गोगलगायी तळाशी राहतात, म्हणून हा मासाही बहुतेक वेळ तळाशीच चरतो.

आता माझा तर्क ऐका. जुलैचे कडक ऊन, वरचे पाणी कोमट. गार पाणी जड, म्हणून ते खाली असणार. मासा तळाशी राहणारा. तेव्हा तलावाच्या मध्यभागी, सर्वांत खोल जागी गळ टाकावा. तेथे खोली होती ९ मीटर. तर्कात काही चूक दिसते का तुम्हाला?

तिसऱ्या दिवशी गळ वर ओढला, तेव्हा शिशाच्या गोळीला काळा चिखल लागला होता आणि त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरताना येतो ना, तोच हा हायड्रोजन सल्फाइडचा वास! किनाऱ्यावर बसलेले शेजारचे एक वृद्ध गृहस्थ तो पाहून हसले. म्हणाले, “प्राध्यापकसाहेब, तिथे जेवायला काही नाही आणि श्वास घ्यायलाही काही नाही. जिथे शंख, तिथे हा मासा.”

मग मी एक बाटली खाली सोडून निरनिराळ्या खोलीवरचे पाणी वर काढले आणि तापमान मोजले. पृष्ठभागावर ३० अंश सेल्सिअस, ३ मीटरवर २९ अंश, ५ मीटरवर एकदम २१ आणि तळाशी १७. म्हणजे तलावात पाण्याचे दोन मजले होते आणि मध्ये एक पातळ थर. ३० अंशांचे पाणी १७ अंशांच्या पाण्यापेक्षा लिटरमागे जेमतेम ३ ग्रॅमने हलके असते. एवढासा फरक, पण वाऱ्याला दोन्ही मजले ढवळून एकत्र करता येऊ नयेत, इतका तो पुरेसा ठरतो. शिवाय पाण्याची घनता तापमानाबरोबर सारख्या प्रमाणात बदलत नाही. १० वरून ११ अंशांवर जाताना ती जितकी घटते, त्याच्या सुमारे तिप्पट २९ वरून ३० वर जाताना घटते. म्हणून उष्ण प्रदेशातील तलावांत थोड्या अंशांच्या फरकानेही हे मजले पक्के होतात.

वरच्या मजल्याला हवेतून आणि पाणवनस्पतींकडून ऑक्सिजन मिळत राहतो. खालच्या मजल्याचा हवेशी संबंधच तुटतो. वरून पडलेला पालापाचोळा तेथे कुजतो आणि असलेला ऑक्सिजन संपवून टाकतो. गार पाण्यात जास्त ऑक्सिजन विरघळू शकतो, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य खरेच आहे. पण विरघळायला तो तेथे पोहोचला तर पाहिजे! मी तीन दिवस गांडूळ लावून बसलो होतो ते या मृत पाण्यात.

तेव्हा शोधायचा तो तळ, पण वरच्या मजल्यातला. होडी काठाकडे नेली. अडीच मीटर खोलीवर पाणवनस्पतींच्या कडेला शिशाला वाळू आणि फुटक्या शंखांचा चुरा लागून आला. जागा सापडली!

तरीही दिवसभरात दोनदा गांडूळ गायब झाले आणि मला कळलेसुद्धा नाही. हा मासा आमिष हिसकावत नाही, हळूच ओढून घेतो. माझे तरंगते बूच होते बाटलीचे, २ सेंटिमीटर व्यासाचे. आर्किमिडीजला विचारा: त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर, म्हणून ते १ सेंटिमीटर बुडविण्यास ३ ग्रॅम वजनाइतका जोर हवा. त्या गृहस्थांनी मला खाली बोंड आणि वर ५ मिलिमीटर जाडीची काडी असलेले तरंगते दिले. काडीच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.२ चौरस सेंटिमीटर. म्हणजे १ सेंटिमीटर बुडायला ०.२ ग्रॅम पुरे. संवेदनक्षमता पंधरापट वाढली.

मात्र एवढ्याने भागत नाही. या तरंगत्याचे आकारमान ६ घनसेंटिमीटर आणि वजन १.५ ग्रॅम. ते आणखी ४.५ ग्रॅम भार पेलू शकते. त्याला हलकीशी गोळी लावली, तर बोंडच वर येईल आणि काडीचा काही उपयोग होणार नाही. आम्ही ४.४ ग्रॅम शिसे लावले. शिशाची घनता ११.३, म्हणून पाण्यात त्याचे वजन भरते ४ ग्रॅम. शिल्लक राहिली ०.५ ग्रॅमची उचल. आता फक्त अडीच सेंटिमीटर काडी पाण्याबाहेर!

खोली जुळविण्याची युक्तीही मजेची आहे. दोरी जास्त लांब असली, तर शिसे तळावर टेकते, त्याचा भार तरंगत्यावर येत नाही आणि काडी आडवी पडते. मग काडी ताठ उभी राहीपर्यंत दोरी थोडी थोडी आखूड करायची. शिसे तळापासून जरा वर लटकते आणि त्याखालचा गळ व गांडूळ तळावर पडून राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काडी दोनदा थरथरली आणि सावकाश खाली गेली. मासा २२ सेंटिमीटरचा निघाला. घरी साफ करताना घशातल्या त्या दाढा मी बोटाने चाचपून पाहिल्या.

या दाढांचे काम इतरत्रही दिसते. ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या सीमेवरील हवासू तलावात २००७ मध्ये क्वागा जातीचे परके शिंपले सापडले. हे शिंपले नळांत आणि जाळ्यांवर थरच्या थर करून बसतात व पाणी अडवितात. त्याच तलावात २०१४ मध्ये अडीच किलोहून अधिक वजनाचा, तोवरचा विक्रमी रेडइअर पकडला गेला. शिंपल्यांची मेजवानी हे त्याचे कारण असावे, असे मानतात. पण म्हणून हा मासा आपल्या तळ्यांत आणून सोडावा, असे कोणी सुचवू नये. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाने अनेक तळ्यांत देशी माशांची जागा बळकावली आहे.

तलावाचे मजले मात्र तुम्ही येथेही मोजू शकता. शिक्षकांना बरोबर घेऊन, होडीतून, एप्रिल-मे महिन्यात जा. एकट्याने पाण्यावर जाऊ नका. जाड बाटलीच्या तळाला दगड बांधा. बाटलीच्या गळ्याला एक दोरी आणि बुचाला दुसरी. ठरावीक खोलीवर बुचाची दोरी हिसका देऊन ओढा, बुडबुडे थांबेपर्यंत बाटली भरू द्या, झटकन वर काढून तापमापक बुडवा. दर अर्ध्या मीटरला एक नोंद करा आणि तापमान कोठे एकदम उतरते ते आलेखावर पाहा. तळाच्या पाण्याचा वास घ्यायला विसरू नका.