नळीत का फुंकायचे?

भिवपुरी रोडच्या पुढचे स्टेशन कर्जत. तिथून पुढे बोरघाट. १८६३ साली या घाटातून आगगाडी सुरू झाली. चढ असा कडक, की ३७ फूट पुढे गेले म्हणजे गाडी एक फूट वर चढते. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. उतरताना तर सारी भिस्त ब्रेकवर. गाडीत शेकडो माणसे. त्यांचा जीव चालकाच्या हाती.

म्हणून चालक कामावर हजर झाला, की त्याला एका यंत्राच्या नळीत फुंकावे लागते. यंत्राने दारू दाखवली, तर त्याच्या हाती गाडी देत नाहीत. नशेत काम करून प्रवाशांचा जीव धोक्यात घालणाऱ्या रेल्वे नोकराला १९८९ च्या रेल्वे कायद्याने एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आपली पोरे खोपोलीकडे कारखान्यांत जातात. काही कारखान्यांच्या फाटकावरही अशी तपासणी होते. तिथे तापलेल्या भट्ट्या, फिरते पट्टे, उंच क्रेन. एकाचा हात चुकला, तर दुसऱ्याचा जीव जातो.

यंत्राला कळते कसे? दारू पोटातून रक्तात जाते. रक्त फुप्फुसात येते. तिथे थोडी दारू श्वासात मिसळते. तोंडाला वास नसला, तरी श्वासात ती असते. वेलदोडा चघळून माणूस फसेल, यंत्र फसत नाही.

कोणी म्हणेल, "मास्तर, रात्रीची दारू सकाळपर्यंत उतरतेच की!" नेहमी नाही. हिशेब करून पाहू. रक्तातली दारू तासाला सुमारे १५ मिलिग्रॅमने कमी होते. रात्री दहाला १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅम दारू असेल, तर आठ तासांत १२० गेली. सकाळी सहाला ३० उरलीच. रस्त्यावर वाहन चालवणाऱ्याला कायद्याची हद्दही ३० चीच आहे. लिंबू, ताक, गार पाण्याची अंघोळ, कशानेही दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्या चालीनेच काम करते.

पण तपासणीही न्यायाची हवी. माझा एक जुना विद्यार्थी कंत्राटी कामावर होता. खोकला झाला म्हणून त्याने फाटकाबाहेर द्राक्षासव घेतले आणि लगेच नळीत फुंकले. यंत्राने दारू दाखवली. दुसऱ्यांदा कोणी तपासले नाही. त्याची दिवसाची मजुरी बुडाली. गावात नाव झाले, "दारुडा." आसवांत मद्यार्क असतो. तो काही मिनिटे तोंडात राहतो. चूळ भरून पंधरा मिनिटे थांबवले असते, तर खरे-खोटे कळले असते.

म्हणून नियम असे हवेत. नियम लिहून आधी सांगावेत. साहेब असो की हमाल, सर्वांना ते सारखे असावेत. यंत्र वेळोवेळी तपासून घ्यावे. दारू दिसली, तर थोड्या वेळाने पुन्हा तपासावे. आकडा वहीत लिहून कामगाराला दाखवावा. चारचौघांत अपमान करू नये. तुम्ही औषध घेत असाल, तर फुंकण्याआधीच सांगा. डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवा.

गांजा, अफू अशा नशेसाठी लघवी तपासतात. पहिली तपासणी झटपट असते. तीवरून कोणाला दोषी धरू नये. प्रयोगशाळेत पक्की तपासणी व्हावी. गांजाचा अंश लघवीत कित्येक दिवस राहतो. म्हणून त्यावरून गांजा घेतल्याचे कळते. माणूस या घडीला नशेत आहे, असे सिद्ध होत नाही.

आणि जो खरोखर सापडला, त्याचे काय? त्या दिवशी त्याला यंत्राजवळ जाऊ देऊ नये, हे खरेच. पण व्यसन हा आजार आहे. नुसते कामावरून काढले, तर तो घरी बसून जास्त पिईल आणि चूल विझेल. त्याला उपचाराला पाठवावे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. १४४४६ या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

नळी ही कामगाराची वैरीण नव्हे. ती शेजारी काम करणाऱ्याची राखण आहे. तिच्यात निर्धास्त फुंकावे, आणि ती न्यायाने धरली जाते की नाही, हेही डोळे उघडे ठेवून पाहावे. आता तुम्हाला वाचता येते. फाटकावर नियमांचा कागद लावला असेल, तर तो वाचा. नसेल, तर मागा.