गठ्ठा सोडायचा कधी?

माजरीच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात सतरंजीवर खराट्याच्या काड्यांचा ढीग. दहा मोजायच्या, रबर लावायचं, गठ्ठा डावीकडे ठेवायचा. उरलेल्या सुट्या उजवीकडे. बाई हे काम मुलांना घाईनं उरकू देत नाहीत. गठ्ठे तयारच आणून दिले असते तर वेळ वाचला असता, पण ज्यानं गठ्ठा स्वतः बांधला त्यालाच तो सोडायचं धाडस होतं, असा त्यांचा अनुभव. एकीनं मध्येच विचारलं, गठ्ठा दहाचाच का? तिच्या मामाच्या गावी, गडचिरोलीकडे, तेंदूपत्त्याचा पुडा सत्तर पानांचा असतो. बाईंनी प्रश्न झटकला नाही. नवाच्या पुढं आपल्याकडे नवा आकडा आहे का, शोध, म्हणाल्या. मुलगी बराच वेळ फळ्यावरचे आकडे न्याहाळत होती.

मग फळ्यावर ४३ − २७ आलं. चार गठ्ठे, तीन काड्या. "मॅडम, तिनातून सात कसे जातीन?" हा प्रश्न काड्यांना हात लागायच्या आधीच आला. एक मुलगा मात्र अडला नाही. सातातून तीन गेले चार, चारातून दोन गेले दोन. उत्तर २४, ठसठशीत अक्षरात. ही चूक माजरीची नाही, जगभरची आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशा चुकांवर निबंध प्रसिद्ध केला. पुष्कळ मुलं वेंधळेपणानं चुकत नाहीत, स्वतःचा एखादा नियम काटेकोर पाळून चुकतात, असं त्यांनी दाखवलं. वर असो की खाली, मोठ्यातून लहान काढायचा, हा त्यातला एक नियम. म्हणून बाई "चूक" म्हणाल्याच नाहीत. "सत्तावीस काड्या मला काढून दे," एवढंच.

मुलानं आधी दोन गठ्ठे उचलले. (हातानं काढताना मुलं डावीकडून, मोठ्या ढिगापासून सुरुवात करतात, कागदावर आपण त्यांना उजवीकडून सुरू करायला लावतो.) मग तीन सुट्या उचलल्या आणि थांबला. अजून चार हव्यात, समोर दोन गठ्ठे बांधलेले. त्यानं शेजारणीच्या सुट्या काड्यांकडे हात नेला. "माह्या कायले घेतं? तुह्याजवळ हायेत ना!" तिनं फटकारलं. मग कुठं रबर निघालं. उरल्या सोळा.

सगळा धडा त्या रबरात आहे, असं मला वाटतं. चार दशक तीन एकक म्हणजेच तीन दशक तेरा एकक: काड्या तेवढ्याच, मांडणी बदलली. मोठ्यांना हे इतकं उघड वाटतं की ते सांगायचंच राहून जातं आणि गाडी थेट "चाराला काट मारा, वर तीन लिहा" वर येते. काट मारायला मूल लगेच शिकतं. मग ४८ − २३ मध्येही मारतं, जिथं तिची गरजच नाही. किंवा दशकाकडून आलेला एक तिनात मिळवून चार करतं: एक आला, एक वाढला. वहीत हा हिशेब बिनबोभाट खपतो. सतरंजीवर खपत नाही, कारण सुटलेल्या गठ्ठ्यातून दहा काड्या घरंगळतात. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या तिसरीच्या अवघ्या ३३.७ टक्के मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी जमली, हे वाचून इथं बसलेल्याला फारसं नवल वाटणार नाही.

घरून आणखी एक रीत येते. कुणाचे आजोबा वरच्या तिनाचे तेरा करतात, पण काट चाराला मारत नाहीत. खालच्या दोनाचे तीन करतात आणि चारातून तीन वजा करतात. उत्तर तेच, कारण दोन्ही संख्यांत दहा मिळवले तर फरक बदलत नाही. रीत सुरेख आहे, पण काड्यांनी ती दाखवणं अवघड.

संख्यांच्या नावांचा घोळ वेगळाच. त्रेचाळीस ऐकलं की कानावर आधी तीन पडतो, म्हणून कुणी ३४ लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरांची नावं आणि उलटा क्रम लहानग्यांना जड जातात. त्यावर थट्टाच जास्त झाली. माजरीत ती थट्टा पोकळ वाटते. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींमुळे इथं परप्रांतातली कुटुंबं राहतात. स्टेशनातून एक फाटा वणीवरून आदिलाबादकडे जातो. घरी तेलुगू बोलणारी मुलगी आधी दशक म्हणते, मग एकक, जसं लिहायचं तसंच. गठ्ठे मांडताना ती अडखळत नाही. त्रेचाळीस कोणते, हे मात्र शेजारणीला विचारते.

शेवटी बाईंनी ४०२ − ३९ दिलं. इथं दशकाच्या घरात शून्य. शंभराचा मोठा गठ्ठा सोडून दहा गठ्ठे करायचे, मग त्यातला एक सोडायचा. दोन फेऱ्यांची ही मोडतोड पाहून मुलं कुरकुरली. तेवढ्यात मागून मघाचाच २४ वाला म्हणाला, "एकोणचाळीस म्हणजे चाळीसले एक कमी. मंग चाळीसच काढू." चारशे दोनातून चाळीस गेले, तीनशे बासष्ट. आता त्यात एक मिळवायचा की आणखी एक काढायचा? अर्धा वर्ग ३६३ म्हणत होता, अर्धा ३६१. बाईंनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि काड्यांचा मोठा गठ्ठा त्यांच्या पुढ्यात सरकवला.