साइटची रँक पडते तेव्हा
(लेखमाला : पडद्यामागचं इंटरनेट – लेखांक ९)

मोबाइलवर नुसतं ‘कळंब’ टाकून पाहा. तुम्हाला यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं कळंब हवं असलं तरी पहिलं तेच येईल याची खात्री नाही. धाराशिव जिल्ह्यात याच नावाचा तालुका आहे, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात एक कळंब आहे आणि नालासोपाऱ्याजवळ कळंबचा समुद्रकिनाराही आहे. यवतमाळात उभं राहून शोधलं तर चिंतामणी वर येण्याची शक्यता जास्त, वसईत बसून शोधलं तर किनारा. इंग्रजी अक्षरांत टाइप करताना शेवटचा ‘ब’ राहिला, तर थेट माजी राष्ट्रपती कलाम भेटीला येतात.

गेल्या आठवड्यात गूगल जगभरची पानं कशी गोळा करतं आणि त्यांची सूची कशी ठेवतं ते पाहिलं. आज त्यापुढचं. या पानांचा क्रम कसा लागतो, तो मध्येच का बदलतो, आणि बदलला की चांगली चालणारी साइट आठवडाभरात कशी ओस पडते.

१९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल सुरू केलं तेव्हा त्यांची मूळ कल्पना साधी होती: ज्या पानाला इतर पानं दुवे देतात ते पान वजनदार, आणि वजनदार पानानं दिलेल्या दुव्याची किंमत अधिक. लोकांनी लगेच दुवे विकायला काढले. तेव्हापासून हा पाठशिवणीचा खेळ चालू आहे. फेब्रुवारी २०११ मधल्या ‘पांडा’ या बदलानं उथळ आणि उचललेल्या मजकुराच्या साइट खाली ढकलल्या. त्याचा अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर परिणाम झाल्याचं गूगलनंच सांगितलं होतं. (नाव प्राण्याचं वाटतं, पण ते नवनीत पांडा या अभियंत्यावरून पडलं.) एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आला, तो विकतच्या दुव्यांच्या मागावर. एप्रिल २०१५ मध्ये, मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरच्या शोधात मागं टाकायला सुरुवात झाली.

मराठीच्या दृष्टीनं मोठा बदल डिसेंबर २०१९ चा. शब्दांचा एकमेकांशी संबंध लावून वाक्याचा अर्थ धरू पाहणारी ‘बर्ट’ ही पद्धत गूगलनं तेव्हा सत्तरहून अधिक भाषांना लागू केली. त्यांत मराठी होती. यानं काय बदलतं, याचं उदाहरण कळंबचंच घेऊ. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. आता ‘वर्ध्याहून कळंबला रेल्वे’ आणि ‘कळंबहून वर्ध्याला रेल्वे’ हे दोन शोध पाहा. गावं तीच, शब्दही तेच. सगळा फरक ‘हून’ आणि ‘ला’ यांत. त्यात आपल्याकडं ‘वर्धा’चं ‘वर्ध्या’ होतं. नुसते शब्द जुळवणाऱ्या यंत्राला प्रवासी कुठून कुठं निघालाय हे कळायला मार्ग नसतो. प्रत्यय ओळखता येऊ लागला की दोन्ही शोधांचे निकाल वेगळे लागायला हवेत, आणि मग ज्या साइटनं दोन्ही दिशांच्या वेळा एकाच पानावर गडबडीनं कोंबल्यात तिचं पान मागं पडू शकतं. त्या साइटनं काहीच केलेलं नसतं. फक्त प्रश्न आता नीट वाचला जाऊ लागलेला असतो.

दुसरं उदाहरण ‘सीसीआय’चं. कळंबच्या शेतकऱ्यानं नोव्हेंबरात ‘सीसीआय’ टाकलं तर त्याला कापूस खरेदी केंद्र हवं असतं, म्हणजे कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. दिल्लीतल्या वकिलाला त्याच अक्षरांत कॉम्पिटिशन कमिशन, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोग दिसतो. मग यंत्र ठरवतं कसं? विचारणारा कुठं आहे आणि काय विचारतोय यावरून तर खरंच, पण लोक कशावर बोट ठेवतात यावरूनही. अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी २०२३ मध्ये साक्ष दिली. तिच्यातून ‘नॅव्हबूस्ट’ ही यंत्रणा उजेडात आली. ती १३ महिन्यांचे क्लिक हिशेबात घेते. तुमच्या पानावर आलेला वाचक लगेच मागं फिरतो की नाही, याला किती महत्त्व आहे ते यावरून कळावं.

आता मुद्द्यावर येऊ. समजा, कळंबच्या एका तरुणानं साइट काढली आहे. कापूस-सोयाबीनचे भाव, चिंतामणीच्या दर्शनाची माहिती, रेल्वेच्या वेळा आणि सरकारी योजना असा तिचा मामला. जाहिरातींवर महिन्याचं रिचार्ज आणि वर थोडे पैसे सुटतात. एके दिवशी ट्रॅफिक निम्म्यावर येतं. तो ग्रुपवर विचारतो, ‘अपडेट आला का?’ आणि दहा जण दहा उपाय सांगतात. मथळे बदल, थीम बदल, दुवे विकत घे.

त्याआधी गूगलचं फुकट मिळणारं सर्च कन्सोल उघडावं. तिथं पान किती वेळा निकालांत दिसलं (इम्प्रेशन), त्यावर किती जण आले (क्लिक) आणि सरासरी कितव्या जागी होतं हे दिसतं. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे. इम्प्रेशन १०,००० चे ४,००० झाले आणि जागाही चौथीवरून अठरावी झाली, तर रँक खरोखर गेली. जागा चौथीच आहे पण इम्प्रेशन घटले, तर लोकांनी शोधणंच कमी केलंय. मे महिन्यात कापसाचे भाव कोण पाहणार, तेव्हा बियाण्यांची घाई असते. आणि इम्प्रेशन तेवढेच, जागा तीच, फक्त क्लिक ८०० वरून ३०० वर आले, तर वाचकाला त्याचं उत्तर बहुधा वरच्या वर मिळालंय. गूगल स्वतःच उत्तर लिहून निकालांच्या डोक्यावर ठेवतं ते ‘एआय ओव्हरव्ह्यू’ भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्रजी आणि हिंदीत सुरू झालं. या तिसऱ्या दुखण्यावर मथळे बदलून काहीही होत नाही.

रँक खरोखर गेली असेल तरी ती शिक्षाच असते असं नाही. वर्षातून काही वेळा होणाऱ्या ‘कोअर अपडेट’बद्दल गूगल सांगतं की अशा वेळी सगळ्या साइटचं मूल्यमापन नव्यानं होतं, आणि चुकलं काही नसतानाही एखादी खाली जाते, कारण दुसरी अधिक योग्य ठरलेली असते. मार्च २०२४ चा असा बदल ४५ दिवस चालू होता. तो सुरू असताना रोज आकडे बघून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नसतो. संपल्यावर किमान आठवडाभर थांबावं आणि आधीच्या काळाशी तुलना करावी, असं खुद्द गूगलच म्हणतं.

त्याच मार्चमध्ये नवे स्पॅमचे नियमही आले: केवळ निकालांत वर येण्यासाठी पानांचा रतीब घालणं, यंत्राकडून असो वा माणसाकडून, नियमबाह्य ठरलं. आपल्याकडच्या ‘योजना’ साइटना हा नियम नेमका लागू पडतो, असं माझं मत आहे. जून २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाल्यावर एकाच शासन निर्णयाचा मजकूर वरखाली करून किती पानं निघाली ते आठवा. अर्ज कुठं भरायचा हे एका ओळीत सांगता आलं असतं. त्यासाठी बाईला दहा जाहिराती ओलांडायला लावल्या. अशा पानांची रँक गेली तर मला हळहळ वाटत नाही.

हळहळ वाटते ती खरी माहिती असूनही बुडणाऱ्यांची. भारतातले नव्वद टक्क्यांहून अधिक शोध एकाच कंपनीकडून जातात, त्यामुळे तिनं दार जरा ढकललं तरी इथं घर अंधारतं. मोठे लोक निदान तक्रार करू शकतात. वृत्तपत्रांच्या डिजिटल संघटनेच्या (तिच्यात ‘लोकमत’ही आहे) तक्रारीवर स्पर्धा आयोगानं, म्हणजे त्या दुसऱ्या ‘सीसीआय’नं, जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. त्याआधी फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपातासाठी याच आयोगानं १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. तालुक्याच्या साइटवाल्याला मात्र असं कुठलंही कार्यालय नाही.

त्यानं काय करावं? मथळ्यात ‘कळंब (जि. यवतमाळ)’ असं पूर्ण लिहावं. स्वतः बाजार समितीत जाऊन आणलेला भाव टाकावा, त्यात तारीख आणि प्रत लिहावी. जुन्या पानावर नुसती तारीख बदलू नये. देवळाच्या वेळा विचारून लिहाव्यात, इतरांच्या साइटवरून उचलू नयेत. आणि वाचकांचा एखादा व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल आत्ताच सुरू करावा, ट्रॅफिक पडल्यावर नव्हे.

सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचीच नोंद राहते, त्याआधीची पुसली जाते. ज्यांची साइट आहे त्यांनी या आठवड्यात आपले आकडे उतरवून ठेवावेत. पुढच्या लेखांकात एआय ओव्हरव्ह्यू कोणाच्या मजकुरावर उभं राहतं ते पाहू. तेव्हा हे आकडे हाताशी लागतील.