घडीची सायकल आणि नाशिकचे घाट

“एवढ्याशा चाकावर घाट चढणार का?” घडीची सायकल घ्यायची म्हटलं की घरचे पहिल्यांदा हेच विचारतात. नाशिकसारख्या गावात तर विचारणारच. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघातून ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. त्यामुळे सायकलवर बोलायचा हक्क प्रत्येक नाशिककराला आहेच. पण प्रश्न चुकीच्या जागी लागलाय. चढाचा बंदोबस्त करता येतो. नडतात ते खड्डे आणि उतार.

आधी चढ. चाक लहान असलं की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल कमी अंतर जाते, म्हणजे ती मुळात हलकीच चालते. पण मग सपाटीवर पाय नुसते भिरभिरतील, म्हणून बनवणारे पुढे ५२ दातांची मोठी चकती बसवतात, आणि घाटात तीच आडवी येते. २० इंची चाकाचा घेर धरा दीड मीटर. पुढे ५२ दात, मागे सगळ्यात मोठी चकती २८ दातांची. एका फेऱ्यात सायकल २.८ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी १० किलोमीटर वेग झाला. आता नांदुरीहून सप्तशृंग गडाकडे निघा. सराव नसलेला माणूस त्या चढाला सातावर येतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४२ फेरे. एवढ्या सावकाश आणि जोर लावून पॅडल मारलं की आधी गुडघे तक्रार करतात, दम नंतर लागतो.

उपाय फार खर्चाचा नाही. पुढे ४४, मागे ३४ दात केले की एका फेऱ्यात १.९ मीटर, त्याच सात किलोमीटरच्या वेगाला ६० फेरे बसतात. फक्त मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ३४ दात पेलतो का, हे मिस्त्रीला आधी विचारावं, आणि चेनची लांबीही पुन्हा बघून घ्यावी. हलका गिअर लावण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. कसारा घाटात लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर एवढाच आहे, तरी तिथे आगगाड्यांना मागून बँकर इंजिन लावत आलेत.

चढताना एक पथ्य मात्र पाळायचं: बसूनच चढायचं. घडीच्या सायकलीचा हँडलचा दांडा लांब असतो आणि तळाशी बिजागरीवर दुमडतो. उभं राहून हँडल ओढलं की तो लवतो, आणि पायाची थोडी ताकद त्यातच वाया जाते.

आता खड्डे. इथे शाळेतली भूमिती कामाला येते. ३० सेंटिमीटर रुंद, चांगला खोल खड्डा घ्या. रोड बाइकचं मोठं चाक दोन्ही काठांवर टेकेपर्यंत त्यात साधारण साडेतीन सेंटिमीटर उतरतं. २० इंची चाक पाच सेंटिमीटर उतरतं. ब्रॉम्प्टनसारख्या सायकलीचं १६ इंची चाक सहाच्या वर जातं, आणि बाहेर पडताना त्याला तेवढाच उभा काठ चढावा लागतो. दणका मनगटात आणि पाठीत बसतो. रुंद टायर घालून हवा थोडी कमी ठेवली तर दणका बोथट होतो. भूमिती बदलत नाही. शिवाय लहान चाकामुळे डिरेलर जमिनीजवळ लोंबतो, त्यामुळे पावसाळ्यात चिखल आणि खडी आधी त्यालाच भेटते. हबच्या आत गिअर असलेली सायकल या बाबतीत सुखी.

घडी आणि लहान चाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात असावं. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी घडीच्या सायकली बनवल्या, त्यांची चाकं २६ इंची होती. माँटेग्यू कंपनीनेही मोठ्या चाकांच्या घडीच्या सायकली बनवल्या आहेत. पण घडी केल्यावरही तो पसारा रेल्वेच्या बाकाखाली जात नाही, मग घडीचा निम्मा फायदा गेला.

उताराला मी सगळ्यात जास्त घाबरतो. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर घर्षणाची सगळी उष्णता रिम घेते. लहान रिममध्ये धातू कमी, म्हणून ती लवकर तापते. फार तापली तर ट्यूब फुटू शकते. गडावरून येताना ब्रेक सतत धरून ठेवू नयेत. जोरात दाबावा, वेग उतरला की सोडावा, मध्ये थांबून रिम निवू द्यावी. लांब घाट नेहमीचे असतील तर डिस्क ब्रेकचीच घ्या. हँडलही चपळ असतं, नखभर वळवलं तरी सायकल बाजूला जाते. ताशी चाळीसच्या वेगात एक हात सोडून पाणी पिण्याचा विचार करू नये. निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. बिजागरीत टकटक जाणवली तर खटका घट्ट करून घ्या, तोवर निघू नका.

मग माझं मत? सातपूर, अंजनेरी, त्र्यंबक या रस्त्याला बेलाशक न्या. दिंडोरी, वणी करत गडही होईल, वर सांगितलेला गिअरबदल केला असेल तर. पेठ-हरसूलच्या आतल्या रस्त्यांवर पावसाळ्यात मी मोठ्या चाकाचीच सायकल नेईन. रोज सलग शंभर-सव्वाशे किलोमीटर खडबडीत रस्ता कापायचा असेल, तरीही मोठंच चाक.

मात्र सगळा रस्ता सायकलवर कापलाच पाहिजे, असं कुठे आहे? त्र्यंबकला जाऊन थकलात तर घडी करून एसटीने या. मुंबईहून येणाऱ्याने लोकलने कसाऱ्यापर्यंत यावं, हवा तर घाट चढावा, नको तर पुढची गाडी धरून इगतपुरीला उतरावं आणि घोटीमार्गे नाशिक गाठावं. साध्या सायकलीला हे एवढ्या सहज जमत नाही.

शेवटचं, ट्यूबचं. २० इंचीमध्ये ४०६ मापाची रिम बघून घ्या. मुलांच्या सायकलींची ट्यूब तिला चालते, आणि ती तालुक्याच्या दुकानातही मिळते. ब्रॉम्प्टनची रिम ३४९ मापाची. तिच्यासाठी घरूनच दोन ट्यूब घेऊन निघा.