कासारवाडीत चालणारे मोजायचे कसे?

गूगल मॅप्सवर नाशिक फाटा लाल दिसतो, कारण गाड्यांमधले फोन हळू सरकत असतात. पण कासारवाडी मेट्रो स्टेशनवर उतरून रस्ता ओलांडणारे त्या लाल रेषेत नसतात. मेट्रोचं गेट प्रवासी मोजतं. पुढे ते चालत गेले की रिक्षाने, हे त्याला कळत नाही.

फुटपाथवर इन्फ्रारेड किरण लावता येतो. कुणी तो तोडला की आकडा एकने वाढतो. तिघं खांद्याला खांदा लावून गेले तर मशीनला एकच माणूस दिसतो! म्हणून तासभर हातानेही मोजून दुरुस्ती करावी लागते. सायकलसाठी डांबराखाली तारेचं वेटोळं असतं. वरून धातू गेला की सिग्नल बदलतो.

एवढा खटाटोप कशासाठी? क्रॉसिंगसाठी. इंडियन रोड्स काँग्रेसचा एक निकष असा: गर्दीच्या तासातले पादचारी गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजकाच्या रस्त्यावर उत्तर २० कोटींच्या वर हवं. म्हणजे तासाला १,००० गाड्या असतील, तर २०० हून जास्त माणसं. गोची इथेच आहे: रस्त्याला घाबरून लांबचा वळसा घेणाऱ्या आजी या मोजणीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी काउंटर त्या वळशावरही लावावा लागेल.