स्थलांतर, अर्थकारण आणि मतदाराची निवड : ब्रिटनमधील २०१६ चे सार्वमत

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला
• वैयक्तिक आर्थिक हित आणि देशाच्या अर्थस्थितीविषयीचे मत यांतील फरक सांगता येईल;
• स्थलांतरितांचे प्रमाण आणि स्थलांतराचा वेग यांचा मतदानाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल;
• एखादा मुद्दा मतदानात निर्णायक केव्हा ठरतो, हे उदाहरणासह लिहिता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मतदार आपले मत कशावरून ठरवतो, या प्रश्नाची सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, तो आपला खिसा पाहतो. दोन, तो आपला समाज पाहतो. स्थलांतराच्या प्रश्नात ही दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात, कारण बाहेरून आलेला मनुष्य एकाच वेळी रोजगारातील स्पर्धक, करदाता, शेजारी आणि परका असतो. त्याच्याकडे यांपैकी कोणत्या नात्याने पाहायचे, हे मतदार ठरवतो. आणि त्यावरून त्याचे मत ठरते.

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय महासंघात राहावे की बाहेर पडावे, यावर सार्वमत घेण्यात आले. ७२.२ टक्के मतदान झाले. ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या, तर ४८.१ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. प्रस्तुत पाठात आपण हे उदाहरण तपासणार आहोत.

२. पार्श्वभूमी

महासंघाच्या नियमानुसार सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात जाऊन काम करण्याचा हक्क असतो. २००४ मध्ये पोलंडसह पूर्व युरोपातील आठ देश महासंघात आले. त्यांच्या कामगारांना जुन्या सदस्य देशांपैकी केवळ ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन यांनीच आपली श्रमबाजारपेठ तत्काळ खुली केली. या देशांतून वर्षाला निव्वळ ५,००० ते १३,००० लोक येतील, असा अंदाज ब्रिटिश सरकारसाठी तयार झालेल्या एका अभ्यासात वर्तवला होता. प्रत्यक्षात इंग्लंड व वेल्समधील पोलंडमध्ये जन्मलेल्या रहिवाशांची संख्या २००१ च्या जनगणनेतील सुमारे ५८,००० वरून २०११ मध्ये सुमारे ५,७९,००० झाली.

दरम्यान २००८ च्या आर्थिक अरिष्टाने वेतनवाढ खुंटली. २०१० मध्ये सत्तेवर आलेल्या डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने सार्वजनिक खर्चात कपात सुरू केली. निव्वळ स्थलांतर, म्हणजे येणाऱ्यांच्या संख्येतून जाणाऱ्यांची संख्या वजा केल्यावर उरणारा आकडा, एक लाखाच्या खाली आणण्याचे आश्वासन त्यांच्या हुजूर पक्षाने दिले होते. सार्वमताला महिनाही उरला नसताना जाहीर झालेला २०१५ सालचा आकडा ३,३३,००० होता. दवाखान्यातील रांग आणि शाळेतील अपुऱ्या जागा यांना खर्चकपात कारणीभूत की स्थलांतर, हे सामान्य नागरिकाला वेगळे करून पाहता येणे कठीण होते. सरकारने शब्द पाळला नाही, हे मात्र प्रत्येकाला दिसत होते.

३. तीन ठिकाणे, तीन धडे

(अ) बॉस्टन : लिंकनशायर परगण्यातील हे ठिकाण भाजीपाल्याच्या शेतीसाठी ओळखले जाते. शेतातील आणि भाजी बांधणीच्या कारखान्यांतील कामासाठी पूर्व युरोपातून कामगार येथे आले. २०११ पर्यंत दहा रहिवाशांमागे सुमारे एक जण महासंघातील या नव्या देशांतला होता. दहा वर्षांपूर्वी असे लोक येथे जवळपास नव्हतेच. येथे ७५.६ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. देशात हे प्रमाण सर्वाधिक होते.

(आ) लँबेथ : लंडनच्या या विभागात एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले आहेत. तरीही सुमारे ७८.६ टक्के मते महासंघात राहण्याच्या बाजूने पडली.

(इ) ब्लाएनाउ ग्वेंट : वेल्समधील या खाणप्रदेशात स्थलांतरित अत्यल्प होते आणि महासंघाकडून विकासनिधीही मिळत होता. परंतु कोळसा संपला होता आणि एब्ब व्हेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद पडला होता. येथे ६२ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने होती.

पहिल्या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, स्थलांतरितांच्या एकूण प्रमाणापेक्षा बदलाचा वेग अधिक प्रभावी ठरतो. लंडनमध्ये परके शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. बॉस्टनमध्ये ते एका दशकात आले. शिवाय लंडनची लोकसंख्या अधिक तरुण व सुशिक्षित आहे, आणि तरुण व पदवीधर मतदारांचा कल देशभर राहण्याकडेच होता. तिसऱ्या उदाहरणात स्थलांतर जवळजवळ नाही, पण आपला भाग मागे टाकला गेला, ही भावना आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एखाद्या गावाच्या निकालावरून त्या गावातील व्यक्तीचा हेतू सिद्ध होत नाही. बॉस्टनमध्येही चारांतील एका मतदाराने राहण्याच्या बाजूने मत दिले होते.

४. माझा खिसा की माझा देश?

राहण्याच्या बाजूचा प्रचार मुख्यतः आर्थिक होता. बाहेर पडल्यास २०३० पर्यंत दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंडांचे नुकसान होईल, असे अर्थखात्याने सांगितले. निव्वळ खिशाच्या हिशेबाने पाहता हा इशारा निर्णायक ठरायला हवा होता. तो ठरला नाही. ज्याला आधीच्या समृद्धीत वाटा मिळाला नव्हता, त्याला ती गमावण्याचे भय कसे वाटणार?

मतदार केवळ स्वतःच्या वेतनाकडे पाहून स्थलांतराविषयी मत बनवत नाही. आपल्या देशावर व आपल्यासारख्या माणसांवर काय परिणाम होतो, असे त्याला वाटते, ते अधिक महत्त्वाचे असते, असे अनेक देशांतील संशोधनातून दिसून आले आहे. सरकारच्या स्थलांतर सल्लागार समितीने २०१८ मध्ये असा निष्कर्ष काढला की, युरोपीय स्थलांतराचा एकूण रोजगार व वेतन यांवर फारसा परिणाम झाला नव्हता. तथापि सरासरी ही देशाची असते, अनुभव गावाचा असतो. शिवाय परिणामाविषयीचा समज चुकीचा असला, तरी त्यावर दिलेले मत मोजले जातेच.

या सार्वमतात मतदानाचा हक्क कोणाला होता, हेही लक्षात घ्यावे. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या प्रौढ नागरिकांना मत देता येत होते. त्यामुळे लंडनमध्ये राहणारा एखादा पुणेकर भारतीय नागरिक असूनही मतदान करू शकत होता. बॉस्टनच्या शेतात राबणारा पोलिश कामगार मात्र नाही. ज्यांच्याविषयी निर्णय होणार होता, त्यांच्यापैकी बहुतेकांना निर्णयात स्थान नव्हते.

५. सार्वमतानंतर

मतदानाच्या दिवशी लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी केलेल्या पाहणीत, बाहेर पडण्याच्या बाजूच्या सुमारे निम्म्या मतदारांनी ‘ब्रिटनचे निर्णय ब्रिटनमध्येच व्हावेत’ हे प्रमुख कारण दिले. सीमा व स्थलांतरावरील नियंत्रण हे कारण देणारे सुमारे एक तृतीयांश होते. सार्वमतानंतर स्थलांतराला देशापुढील प्रमुख प्रश्न मानणाऱ्यांचे प्रमाण जनमत चाचण्यांत स्पष्टपणे घटले. नियंत्रण हाती आल्याच्या भावनेने चिंता काही काळ शमली, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

महासंघाबाहेर पडल्यानंतर युरोपबाहेरून, विशेषतः भारतातून, विद्यार्थी व सेवाकर्मी मोठ्या संख्येने आले. २०२३ च्या सुमारास वार्षिक निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर पोहोचला होता. जुलै २०२४ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला केवळ १२१ जागा मिळाल्या. स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्षाने १४.३ टक्के मते घेतली, तरी त्याला ५ जागांवर समाधान मानावे लागले.

६. सारांश

स्थलांतर आणि अर्थकारण हे मतदाराच्या मनातील दोन स्वतंत्र कप्पे नाहीत. आर्थिक असुरक्षितता, बदलाचा वेग आणि मोडलेले आश्वासन या तीन गोष्टी एकत्र आल्या, की स्थलांतर हा निर्णायक मुद्दा बनतो. अशा मतदाराला केवळ अज्ञानी वा केवळ द्वेष्टा ठरवणे सोपे असते. परंतु त्याने त्याचे मत समजत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बॉस्टन आणि लँबेथ येथील निकालांतील फरक कोणत्या घटकांच्या आधारे स्पष्ट कराल?
२. ‘सरासरी ही देशाची असते, अनुभव गावाचा असतो’ या विधानाची चर्चा करा.
३. आपल्या गावात किंवा शहरात गेल्या दहा वर्षांत बाहेरून कोण आले व कोणत्या कामासाठी आले, याची नोंद करा. त्यांच्याविषयीचे आपले मत अनुभवावर आधारलेले आहे की ऐकीव माहितीवर, हे स्वतःशी तपासून दहा ओळींत लिहा.