रात्री दोन वाजता वॉर्ड कोण सांभाळतं?

आजच्या भागाची सुरुवात एका प्रसंगाने करूया.

समजा, रात्रीचे दोन वाजलेत. वॉर्डात तीस पेशंट, दोन सिस्टर. एका आजोबांना अचानक धाप लागते आणि तेवढ्यात नवीन पेशंट स्ट्रेचरवर येतो. आधी कुणाकडे जायचं? डॉक्टरांना फोन कधी करायचा? सोबतच्या ज्युनिअरला काय सांगायचं? त्या क्षणी हे सगळं सिस्टरच ठरवते. म्हणजे नेतृत्व फक्त मेट्रनच्या केबिनमध्ये नसतं, बरं का.

मग हे शिकवतं कोण?

आपल्याकडे जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीला व्यवस्थापनाचा विषयही असतो. पण ड्यूटी लावणं, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणं, ज्युनिअरची चूक वेळीच पकडणं हे नोट्स पाठ करून येत नाही. कॉलेज एकीकडे आणि हॉस्पिटल दुसरीकडे असलं, की वर्गात शिकवतात एक आणि वॉर्डात चालतं भलतंच. विद्यार्थी बीपी घेतात, बेड लावतात. पण निर्णय का घेतला, हे त्यांना कुणी सांगत नाही. आणि पुढे एके दिवशी अख्खा वॉर्ड अंगावर येतो.

यावर एक जुना उपाय आहे तमिळनाडूत, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ साली तिथे नर्सिंगची शाळा सुरू केली. १९४६ मध्ये पदवीचं शिक्षण आलं. तिथली खासियत म्हणजे शिकवणं आणि रुग्णसेवा यांची सांगड. वर्गात शिकवणाऱ्यांवर वॉर्डचीही जबाबदारी असते.

याने काय होतं? मॅडमचा शब्द रोज पेशंटजवळ तपासला जातो. वॉर्डातली अडचण दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चेला येते. आणि विद्यार्थ्यांना निर्णय घेणारी सिस्टर प्रत्यक्ष दिसते.

अर्थात, हे फुकट होत नाही. शिकवणाऱ्या सीनिअर सिस्टरला हॉस्पिटलने वेळ द्यायला हवा. तिच्यावर पेशंटचा पूर्ण भार टाकून वर विद्यार्थीही सोपवले, तर दोघांचंही नुकसान. कॉलेजनेही फक्त प्रोसिजरच्या वहीवर सह्या न करता विचारायला हवं, ‘आज तू काय ठरवलंस, आणि का?’

तुम्ही किंवा तुमची बहीण नर्सिंगला ॲडमिशन घेणार असाल, तर फी आणि होस्टेलसोबत एवढं नक्की विचारा: ‘इथले शिक्षक वॉर्डात काम करतात का?’

भेटू पुढच्या भागात!